वाघरीपलीकडची हाक

१

ऐन घाट्यावर आलेला हरभरा मधोमध तुडवला गेला होता. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बैलगाडी जावी एवढ्या रुंदीचा पट्टा जमिनीला लागला होता, आणि त्या पट्ट्याच्या कडेला सटवा हात जोडून उभा होता. समोर रानाचे मालक विठ्ठलराव होते. सकाळची थंडी होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"खतासाठी मेंढरं बसवली व्हती तुझी, हरभरा चारायला न्हाई," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत वाघर उचल. आन् या शिवारात पुन्हा पाऊल ठिवू नको."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. खुंट ठोकून, त्यांना जाळी बांधून, रानातच मेंढरांचा वाडा करतात. दर हिवाळ्यात सटवाची वाघर विठ्ठलरावांच्या या पडीक तुकड्यावर पडायची. रानाला खत मिळायचं आणि सटवाच्या घराला ज्वारी. घाटनांदूरच्या आसपास कुणीही डोळे झाकून त्याला आपल्या रानात बसवून घ्यायचं. ते नाव काल दिवस कलताना, चहा उकळावा एवढ्या वेळात गेलं.

सटवा काल बाजाराला गेला होता. मेंढरांवर त्याचा थोरला, जीवन, होता. त्यानं मेंढरं लवकर आणून वाघरीत घातली आणि तो तिथंच बसला. पुढं काय झालं याचं त्यानं जे उत्तर दिलं, त्या उत्तरानंच सगळा घात केला होता. आताही त्यानं तेच सांगितलं.

"म्या वाघर सोडली न्हाई, मालक. आईनं हाक मारली. मेंढरं आईकडं गेली."

जीवनची आई ताराबाई मागच्या पावसाळ्यात तापानं गेली होती.

सटवानं पोराकडं पाहिलंसुद्धा नाही. "झोपलो व्हतो म्हण. पिलो व्हतो म्हण. मारलं असतं, पर सोडलं असतं," तो म्हणाला. "मेलेल्या आईला साक्षीला आणतो? मालक, वाघर उचलून म्या जातो. ह्यो माझ्यासंगं येणार न्हाई. ह्यो माझा न्हाई."

जीवन मागं सरला आणि बांधावर जाऊन बसला.

थोड्या अंतरावर विठ्ठलरावांची थोरली बहीण विमलबाई उभी होती. जन्मभर शाळेत शिकवून आता भावाच्या घरी राहत होती. जीवनही दोन हिवाळे तिच्या वर्गात बसून गेला होता. एखाद्या मुलाचं गणित चुकलं की विमलबाई उत्तरावर काट मारत नसे. कुठल्या पायरीवर पाय घसरला ते त्याच्याकडूनच शोधून घेत असे. काल रात्रभर घरात आरडाओरडा चालला होता. विठ्ठलराव कडाडत होते, आणि त्या गोंधळात त्यांची धाकटी मुलगी वैष्णवी "माझा लॅपटॉप अपडेट होऊन मुका झालाय" म्हणून कुरकुरत होती, तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं. विमलबाईला मात्र जीवनचं ते एक वाक्य रात्रभर टोचत राहिलं. खोटं बोलणारा माणूस पटेल असं खोटं बोलतो. हे असलं कुणालाच न पटणारं खोटं कशाला कुणी बोलेल?

"विठ्ठल," ती म्हणाली, "दिवस मावळायला वेळ आहे ना? तेवढा मला दे."

"अक्का, आता यात बघायचं काय ऱ्हायलंय?"

"अजून कुणी काही बघितलेलंच नाही."

२

तिनं आधी वाघर पाहिली. गाठींवर बोटं फिरवत चारी बाजूंनी फिरली. एकही गाठ सुटलेली नव्हती. हरभऱ्याकडच्या बाजूचे खुंट मात्र उपटून बाहेरच्या अंगाला आडवे झाले होते आणि जाळी त्यांच्यासकट मातीत दबली होती.

मग ती तुडवलेल्या पट्ट्यातून चालत गेली. पट्टा सरळ होता. दोन्ही बाजूंचा हरभरा जसाच्या तसा उभा होता, घाट्यांनी लगडलेला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला विठ्ठलरावांचा आखाडा होता, म्हणजे रानातलं दोन मजली घर, आणि त्याच्या भिंतीला चिकटून पाण्याच्या मोटारीची खोली. त्या खोलीच्या दारासमोर लेंड्यांचा खच पडला होता.

ती परत आली. जीवन बांधावर गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"जीवन, उठू नकोस. मेंढरानं हरभरा बघितला तर ते काय करतं?"

"खातं, बाई. लई आवडतो त्यास्नी."

"मग तुझ्या मेंढरांनी खाल्ला का नाही? कडेचा पालासुद्धा शाबूत आहे."

जीवननं मान वर केली. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

"ती खायाला गेलीच न्हाईत. हाक आली का थांबायचं न्हाई, ही त्यास्नी सवय हाय. आई मीठ देताना हाक मारायची. पदरात मीठ घिऊन बसायची आन् हाक द्यायची. मंग मधी काय बी असू द्या, पळतच यायची."

"तुम्ही कुणी मारायचा का तशी हाक?"

"न्हाई. आमच्यात ज्याची हाक त्याची. आई गेल्यावर बा म्हणला, ती हाक आता कुणीबी मारायची न्हाई. आन् मारली तरी मेंढरं फसायची न्हाईत. चुलतीनं मारून बघितली व्हती एकदा. एकानं बी मान वर केली न्हाई."

विमलबाई त्याच्याशेजारी बांधावर टेकली. "आता मला काल काय ऐकलंस ते सांग. घाई नको. आधी काय आलं?"

"आधी गाणं. जात्यावरचं, आई म्हणायची तसलं. मला वाटलं मला भास व्हतोय. मंग मधी खोकली. मंग परत गाणं, आन् मंग हाक. मेंढरं उठली तवा म्या खुंटाला मिठी मारली, बाई, पर किती धरणार? म्या बी मागनं पळालो. पळताना परत गाणं सुरू झालं. तेच. परत खोकली. परत हाक. म्या मोटारीच्या खोलीपशी गेलो आन् आवाज गपकन बंद. दार लोटलं. आत कुणी न्हाई."

"खोकला दोन्ही वेळेला आला? गाण्यात त्याच जागी?"

जीवन विचारात पडला. त्यानं ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून पाहिलं आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"त्याच जागी, बाई. 'माहेर' म्हणता म्हणता."

विमलबाई उठली. जिवंत माणूस दोनदा गाईल, दोनदा खोकेलही. पण एकाच शब्दावर दोनदा खोकणार नाही.

"सटवा," तिनं मेंढराच्या पायातला काटा काढत असलेल्या बापाला विचारलं, "ताराबाईचा आवाज कुणी भरून घेतला होता का? मोबाईलवर, कशावर?"

सटवानं काटा उपटून फेकला. "आमच्याकडं तिचा फोटू बी न्हाई, बाई. आवाज कुठला?"

म्हणजे आवाज होता, आणि तो कुणाकडं होता हे त्या आवाजाच्या घरच्यांनाच ठाऊक नव्हतं.

३

शेजारच्या रानात राधाकिशन तुरीच्या शेंगा चाचपत उभा होता. यंदा सटवाची मेंढरं आपल्या रानात बसावीत म्हणून त्यानं फार खटपट केली होती आणि विठ्ठलरावांनी ती आधीच आपल्या रानासाठी ठरवून घेतली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. विमलबाईला बघताच तो हसला.

"या बाई. आता माझी पाळी व्हय?"

"तुझ्या मोबाईलमध्ये गाणी, आवाज पुष्कळ असतात म्हणे."

"असत्यात की. बघा हवं तर." त्यानं मोबाईल पुढं केला. "पर डोकं चालवा जरा. मला मेंढरं माझ्या रानात पायजेत. मंग त्यास्नी समद्या शिवारातून हाकलायला लावून माझा काय फायदा? गेली तर माझ्या हातची बी गेली की."

विमलबाईला ते पटलं. "काल इथंच होतास?"

"व्हतो."

"हाक ऐकलीस?"

राधाकिशनचं हसू मावळलं. त्यानं एक शेंग तोडली आणि उगाच सोलत बसला. "ऐकली."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मेलेल्या बाईची हाक ऐकली म्हणून सांगू? जीवनचं काय झालं ते बघितलं न्हाई का समद्यांनी?" तो जरा जवळ आला. "एक सांगतो. मेंढरं हाकलून झाल्यावर तुमचा अंगद मोटारीच्या खोलीत गेलता. भाईर आला तवा टावेलात कायतरी गुंडाळल्यालं व्हतं. इकडं तिकडं बघत गेला."

अंगद म्हणजे विठ्ठलरावांचा मुलगा. चार दिवसांपूर्वी हौदावर मेंढरं पाजण्यावरून त्याची आणि जीवनची जुंपली होती. "पुन्हा इकडं दिसलास तर बघ बे," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता.

विमलबाई मोटारीच्या खोलीत शिरली. कोनाड्यावरच्या झरोक्यात धुळीचा जाड थर होता. त्या धुळीत एक स्वच्छ गोल उमटला होता, तांब्याच्या बुडाएवढा. शेजारी चार्जिंगची वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

४

"आत्या, देवाशपथ, मेंढराला म्या हात लावला न्हाई."

"मी मेंढराचं विचारलंच नाही, अंगद. टॉवेलात काय होतं?"

अंगदनं घरातल्या खाटेखाली हात घातला आणि गोल, काळा स्पीकर काढून तिच्यापुढं ठेवला. विमलबाईनं तो ओळखला. रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून रात्री त्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावून ठेवायचे.

"दादांनी सांगितलंय," तो वडिलांबद्दल म्हणाला, "याच्यावर गाणी लावायची न्हाईत, बॅटरी उतरती. काल लाइट आली, मोटार चालू केली आन् लावली गाणी. मंग दारं धरायला, पाणी वळवायला, पार खालच्या वाफ्याला गेलतो. एवढा राडा झाल्यावर दादा मोटारीच्या खोलीत येतील म्हणून लपवला. दुसरं काय बी न्हाई."

"त्यावर ताराबाईचा आवाज होता?"

"ताराबाईचा?" अंगदला खरोखरच काही कळलं नाही. "माझ्या मोबाईलवर लावणी व्हती, आत्या."

"दारं धरायला गेलास तेव्हा मोबाईल कुठं होता?"

"खिशात. लांब गेलो तशी स्पीकरवरची गाणी बंद पडली आन् मोबाईलमधीच वाजायला लागली. त्याचं तसंच असतंय, लांब गेलं की ब्लूटूथची जोड तुटती."

"आणि स्पीकर?"

"चालूच ऱ्हायला. निळा दिवा लुकलुकत व्हता, म्या उचलून बंद केला तवर."

विमलबाईनं स्पीकर हातात फिरवून पाहिला. म्हणजे काल तो चालू होता, रिकामा होता, आणि दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत लुकलुकत होता.

तेवढ्यात वैष्णवी चहा घेऊन आली. ती अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत घरी आली होती. तिचा चेहरा आज जरा हलका होता. "आत्या, माझा लॅपटॉप बोलायला लागला बरं का. काल आखाड्यावर अपडेट झाल्यापासून ठार मुका होता, आज घरी उघडला तर आपोआप सुरू."

"तू काय दुरुस्त केलंस?"

"काहीच नाही."

"काहीच न करता बरा झाला, हे मला पटत नाही. बस इथं." विमलबाईचा आवाज वर्गातला झाला. "काल काय काय करून पाहिलंस?"

"सगळंच! आवाज पूर्ण वाढवला, बंद करून चालू केला, सेटिंग बदलल्या, मोठे हेडफोन कानावर चढवून बघितलं. काही नाही. आणि गंमत म्हणजे पडद्यावर ती आवाजाची हिरवी पट्टी नाचत होती. म्हणजे तो म्हणत होता, मी वाजवतोय."

"तो खरं बोलत असेल तर?"

वैष्णवी थबकली.

"घरी आणि आखाड्यावर काय फरक आहे? लॅपटॉप तोच, अपडेट तेच, तू तीच. बदलली ती जागा. म्हणजे बिघाड लॅपटॉपात नव्हता, जागेत होता. तिथं असं काय होतं जे इथं बंद पडलेलं आहे?" तिनं स्पीकर पुढं ठेवला. "हा तुझ्या लॅपटॉपला कधी जोडला होतास?"

"कुत्र्यांचा आवाज लावून बघितला तेव्हा... पण त्यानंतर मी ती जोड बंदच ठेवते." वैष्णवीचा हात तोंडाशी गेला. "अपडेटनं ती पुन्हा चालू केली. स्पीकर सापडला आणि सगळा आवाज तिकडं गेला."

"आणि तू वरच्या खोलीत, कानावर हेडफोन घालून बसली होतीस. काय वाजवत होतीस, वैष्णवी?"

वैष्णवी रडायलाच लागली.

"कॉलेजसाठी गेल्या हिवाळ्यात मी ताराबाईंच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. मध्येच मेंढरं बांधाकडं गेली म्हणून त्यांनी हाक मारली, तीही त्यात आली. त्यांच्या वर्षश्राद्धाला सटवाकाकांना द्यायचं ठरवलं होतं, म्हणून कुणाला बोलले नाही. काल वाजते का बघायला पुन्हा पुन्हा लावत होते. खाली ओरडा ऐकू आला तसा लॅपटॉप मिटला." तिनं डोळे पुसले. "म्हणजे हरभरा मी तुडवला, आत्या. आणि जीवनदादाला..."

"कारण तू झालीस. दोष तुझा नाही. पण हे त्यांना सांगून पटायचं नाही. दाखवावं लागेल. काल जे जसं होतं, तसंच मांडायचं."

५

दिवस डोंगराकडं झुकला होता. सटवाची भांडी घोड्यावर बांधून झाली होती. वाघर तेवढी उचलायची राहिली होती.

विमलबाई सटवासमोर उभी राहिली. "आता जे कानावर पडेल, त्यानं तुला त्रास होईल. नको असेल तर सांग. पण त्याशिवाय तुझा पोरगा सुटत नाही."

सटवानं घोड्यावरच्या दोरीची गाठ पक्की केली. मग त्यानं होकारार्थी मान हलवली.

जीवननं आडवे खुंट पुन्हा ठोकून मेंढरं आत घेतली. अंगदनं स्पीकर झरोक्यात त्या गोलावर ठेवला. वैष्णवी लॅपटॉप घेऊन आखाड्यावर गेली. विठ्ठलराव कुरकुरत का होईना, वाघरीचा एक खुंट धरून उभे राहिले, दुसरा जीवननं धरला. विमलबाईनं हात वर केला.

हरभऱ्यावरून ताराबाईचं गाणं आलं.

सटवा जागच्या जागी खिळला. आवाज किंचित घोगरा होता. 'माहेर' म्हणता म्हणता ती खोकली, आणि सटवाच्या तोंडून आपोआप "पाणी पी गं" असं निघून गेलं. त्याचं त्यालाच कळलं नाही. गाणं पुढं चाललं, तुटलं, आणि मग ती हाक आली.

"येऽऽ गं, येऽ माझ्या गुणाच्या बायांनोऽऽ!"

बसलेली सगळी मेंढरं एकदम उठली. एकही ओरडलं नाही. सगळ्यांनी मिळून जाळीला छाती लावली. विठ्ठलरावांनी सगळा जोर लावला, तरी खुंट मातीतून सुटून त्यांच्या हातात आला, आणि ते त्या खुंटासकट खाली बसले.

"बंद करा!" सटवा ओरडला. "पोरी, बंद कर!"

आवाज थांबला. जीवन आणि सटवा यांनी दोन्हीकडून मेंढरं अडवली. मेंढरं थांबली खरी, पण मागं फिरली नाहीत. मोटारीच्या खोलीकडं तोंड करून, कान टवकारून, तशीच उभी राहिली.

विमलबाईनं सगळं सांगितलं. लॅपटॉप, अपडेट, स्पीकर, काही काही वगळलं नाही. अंगद खाली मान घालून ऐकत होता. विठ्ठलरावांनी हातातला खुंट उलटासुलटा करून पाहिला, मग दगड घेतला आणि तो त्याच जागी पुन्हा ठोकायला लागले.

"वाघर ऱ्हाऊ दे, सटवा," ठोकता ठोकता ते म्हणाले. वर पाहिलं नाही. "हरभरा माझ्याच घरच्या आवाजानं तुडवला."

वैष्णवी लॅपटॉप घेऊन खाली आली. "सटवाकाका, हा आवाज तुमचा आहे. कुठंही ऐकता येईल असा करून देते. आता लॅपटॉप नीट चालतो. आवाज कुठं पाठवायचा ते इथं निवडायचं असतं, बघा."

सटवानं पडद्याकडं पाहिलंच नाही. तो मेंढरांकडं पाहत होता.

"नगं, बाय. त्यांच्यापुढं पुन्हा लावू नगं," तो म्हणाला. "आमाला म्हाईत हाय ती गेली. त्यास्नी न्हाई. मीठ घिऊन आली आसंल म्हणून किती येळ उभी ऱ्हात्याल."

विमलबाईनं वैष्णवीच्या गळ्यातले मोठे हेडफोन काढले आणि सटवाच्या हातात दिले.

"हे कानावर घाल. मग फक्त तुलाच ऐकू येईल. मेंढरांना नाही."

सटवानं मुंडासं सोडलं. हेडफोन कानांवर बसवले. वैष्णवीनं यादीतून हेडफोनच निवडले आणि गाणं लावलं. रानात काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त सटवाचे ओठ हलत होते, आणि एका जागी ते थांबले. तिथं खोकला असणार. हाक आली तेव्हा त्यानं डोळे मिटले. मेंढरांनी वाट बघून बघून माना खाली घातल्या होत्या. एकेक करून ती बसायला लागली.

सटवानं हेडफोन काढले. जीवन चार पावलांवर उभा होता, सकाळपासून होता तसाच बापापासून दूर. सटवा त्याच्याजवळ गेला. त्यानं ते हेडफोन आपल्या हातानं पोराच्या कानांवर चढवले, नीट बसले का ते दोन्हीकडून चाचपलं, आणि वैष्णवीला म्हणाला, "पहिल्यापासनं लाव."